उसने इंच

दुधेलीच्या तेलक्षेत्रात सतरा नंबरच्या विहिरीची तब्येत कशी आहे, हे मुरारराव खराड्यांच्या चेहऱ्यावरून कळे. कंपनीला मात्र त्यांचा चेहरा वाचायची गरज कधी पडली नाही. कंपनीकडे रजिस्टर होतं.

रोज सकाळी सहाला मुरारराव सायकल बाभळीला टेकवत, पिशवीतून हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर काढत, त्याचं पोलादी टोक विहिरीच्या तोंडाशी पाइपाला लावत आणि लाकडी मूठ कानाला. शेजारी पंपाची दोन पुरुष उंच मान खाली-वर होत असे आणि चौदाशे मीटर खोल गेलेली सळई ओढून तेल वर आणत असे. मुरारराव डोळे मिटून मिनिटभर ऐकत. पंप भरून ओढतोय की अर्धा पोकळ, तळाशी वाळू आली का, नळीत मेण धरलं का, हे सगळं त्यांना त्या मुठीतून कळे. दुधेलीचं तेल मेणचट. जरा थंड झालं की नळीत बसतं. ऐकून झालं की मुरारराव मूठ धोतराच्या जुन्या फडक्यानं पुसत आणि कोणाला काही न सांगता डबा उघडत.

तिथून सहाशे मीटरवर एकवीस नंबरची विहीर होती आणि तिथं तस्साच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वालजी रबारी उभा असे. मुरारराव बडोद्याचे मराठी, वालजी मेहसाण्याकडचा. पस्तीस वर्षांत वालजी मराठी शिकला आणि मुरारराव चहात किती दूध घालायचं ते. दोन विहिरींचं तेल एकाच टाकीत पडे. दोघांत टाकी एक, मोजपट्टी एक आणि भांडण एकही नाही.

साल दोन हजार एक्केचाळीस. तेलाचं युग संपलं, असं जाहीर होऊन सहा वर्षं झाली होती. जाहीर करणारे फलक प्लास्टिकचे होते, त्यामुळे तेल लागतच होतं. वरवरचं तेल संपल्यावर कंपनीनं खालच्या घट्ट खडकाला हात घातला. त्यासाठी नवी विहीर आधी सरळ खाली आणि मग जमिनीला समांतर आडवी दोन किलोमीटर न्यायची. मग तिच्यातून प्रचंड दाबानं पाणी आणि वाळू सोडायची. खडकाला भेगा पडतात, वाळू त्या भेगा मिटू देत नाही आणि अडकलेलं तेल वाहू लागतं. ही जुनी विद्या. तिची अडचणही जुनी: भेग कुठं जाईल ते तिला सांगता येत नसे. ती कधीकधी शेजारच्या जुन्या विहिरीत जाऊन निघे आणि तिथं तेलाऐवजी पाणी, वाळू आणि दाब वर येई.

म्हणून पूर्वी असं काम निघालं की एक किलोमीटरच्या आतल्या साऱ्या विहिरी बंद करून माणसांना घरी पाठवत. अज्ञानाचा तो एक मोठा फायदा होता, सगळ्यांना सुट्टी मिळे.

मग भूकर्ण आला. केसाएवढी बारीक काचेची तार जुन्या विहिरीत तळापर्यंत सोडायची आणि तिच्यातून प्रकाशाचे ठोके पाठवत राहायचे. खाली खडक करकरला की तार तिळाच्या हजाराव्या भागाइतकी ताणली जाते आणि परत येणारा प्रकाश जरा बदलतो. त्यावरून भेग कुठवर आली हे संगणक मीटरमीटरनं सांगतो. एवढंच नाही, जुन्या विहिरींचा सगळा इतिहास त्याला खाऊ घातला की भेग कोणाच्या दारात जाणार, हे तो आधीच सांगतो. मग तेवढीच एक विहीर बंद करायची. बाकीच्यांनी कामावर यायचं.

दुधेलीचा इतिहास खाऊन झाल्यावर भूकर्णनं एकाच विहिरीवर बोट ठेवलं. सतरा.

आणि भूकर्ण चालवणारी इंजिनिअर होती केतकी मुरारराव खराडे, वय एकोणतीस. नव्या विहिरीचा सगळा आराखडा तिचा, आणि तो तिचा पहिलाच.

*

रविवारी संध्याकाळी केतकी पोळ्या लाटत होती आणि मुरारराव उसळीला फोडणी देत होते. केतकीची आई नलूताई गेल्यापासून, म्हणजे चौदा वर्षं, घरात हीच वाटणी होती.

भेग सतराकडंच का येणार, असं त्यांनी विचारलं. विचारताना त्यांनी मोहरीकडं पाहिलं.

केतकीनं लाटलेली पोळी दोन हातांनी उचलून दिव्यासमोर धरली. एका ठिकाणी ती पातळ झाली होती. तिनं हलकेच ताणली, पोळी बरोबर तिथंच फाटली.

तिनं सांगितलं ते असं. खडक स्पंजासारखा असतो. त्याच्या बारीक छिद्रांत तेल-पाणी दाबून भरलेलं असतं आणि वरच्या जमिनीचा थोडा भार तेही उचलत असतं. विहिरीनं वर्षानुवर्षं तेल उपसलं की छिद्रांतला दाब उतरतो. तिथला खडक सैल पडतो, पोळी तिथं पातळ होते. नव्या भेगेला वाट हवी असते, ती सैल जागेकडं वळते. म्हणजे ज्या विहिरीनं जास्त दिलंय तिच्याकडं भेग जाणार.

‘मग उपाय?’

‘काम सुरू व्हायच्या आधी जुनी बंद करायची आणि तिच्यात पाणी भरून दाब वाढवायचा. पोळी जाड करायची. आम्ही जुनीला आई म्हणतो आणि नवीला लेक. पुस्तकांतच तसं आहे.’

‘लेक येऊन आईला बुडवते?’

‘हो. कधीकधी.’

‘ज्यानं नावं ठेवली त्याला मुलं नसणार,’ मुरारराव म्हणाले. विहिरीवरची माणसं जुनीला सासू आणि नवीला सून म्हणत. त्यांचा अनुभव जास्त होता.

जेवण झाल्यावर तिनं पडद्यावर नकाशा दाखवला. सतराभोवती मोठा लालभडक डाग होता, एकवीसभोवती त्याहून जरा फिकट. लाल म्हणजे उपसलेलं, पातळ. केतकी त्या डागाकडं असं बघत होती, जसं कोणी बापाच्या जुन्या पदकाकडं बघावं.

‘बाबा, चौदा वर्षांत सतरानं एकवीसपेक्षा जास्त दिलंय. इतकी जुनी विहीर, आणि शेवटची दोन वर्षं तर वाढलीय. मी सगळ्यांना सांगते, ही माझ्या बाबांची विहीर आहे.’

मुराररावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. डाग तेवढाच होता.

*

त्या डागातला मोठा भाग एकवीसचा होता.

दोन हजार सत्तावीस साली नलूताई गेल्या तेव्हा केतकी दहावीला होती. त्याच महिन्यात फर्मान निघालं, की दिवसाला दोन इंचांपेक्षा कमी देणारी विहीर सिमेंट भरून बुजवायची आणि तिच्या ऑपरेटरला आसामात पाठवायचं. टाकीतलं तेल पट्टीनं इंचांत मोजत आणि दुधेलीच्या टाकीत एक इंच म्हणजे अडीच पिंपं. सतरा त्या वेळी देत होती दीड इंच. एकवीस देत होती नऊ.

महिन्यातून एक दिवस प्रत्येक विहिरीची चाचणी होई. त्या दिवशी दुसरी विहीर टाकीपासून तोडायची आणि एकटीचं तेल मोजायचं. मग महिनाभर टाकीतल्या तेलाची दोघींत वाटणी त्या प्रमाणात लिहायची. सतराच्या चाचणीच्या दिवशी वालजीनं एकवीसचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला नाही. किंचित उघडा ठेवला. वाटीभर साखर शेजारी द्यावी तसा. एकवीसच्या चाचणीला तोच व्हॉल्व्ह तेवढाच आवळला.

अर्धा इंच पुरे, असं मुरारराव म्हणाले होते. वालजीनं मान हलवली. दोन इंच दाखवलेस तर पुढच्या महिन्यात परत बघायला येतील. साडेपाच दाखव, दहा वर्षं कोणी फिरकणार नाही. तो सरकारी माणसांना ओळखत होता आणि खासगी माणसांनाही. चार इंच ठरले. रजिस्टरात सतरा साडेपाच झाली आणि एकवीस पाच. टाकीतलं एकूण तेवढंच राहिलं, त्यामुळे कोणाचं काही गेलं नाही. केतकीची दहावी झाली, बारावी झाली, ती गांधीनगरला जाऊन पेट्रोलियम शिकली. चार इंच परत करायची वेळ कधी आलीच नाही. पुढं पुढं मुरारराव सतरा साडेपाच देते असं म्हणताना अडखळेनासे झाले. दोन वर्षांपूर्वी चाचणीत ती साडेसहा आली तेव्हा त्यांनी वालजीला अभिमानानं सांगितलं होतं, की गरम तेल सोडून मेण काढलं, पंपाची गती उतरवली, म्हातारी सुधारली. वालजीनं हात जोडले होते.

आता खाली चौदाशे मीटरवर कोणतंही रजिस्टर नव्हतं. तिथं खडक होता आणि त्याला खरे आकडे माहीत होते. भेग एकवीसकडं जाणार होती. आणि एकवीस चालू राहणार होती, वालजीसकट.

*

सोमवारी ते एकवीसवर गेले आणि वालजीला सारं सांगितलं. पोळीसकट. वालजीनं बशीत चहा ओतला.

‘मुरारभाई, दीकरीचं पहिलं काम आहे. तिच्या साहेबांसमोर तू सांगणार, की आकडे खोटे आहेत आणि ते तिच्या बापानं लिहिलेत?’

‘तू त्या दिवशी इथं थांबू नकोस.’

‘जाऊन कुठं बसू? तासातासाला दाब लिहायचा आहे. नसलो तर विचारतील का नव्हतास.’ त्यानं स्क्रू-ड्रायव्हर उचलून दाखवला. ‘असं करतो. हा लावून बसतो. भेग आली तर करकर ऐकू येईलच ना? पंप थांबवीन, व्हॉल्व्ह आवळीन, आत भांडू दे त्यांना सासू-सुनांना. कोणाला कळणार पण नाही.’

दोघांनाही हे पटलं. पस्तीस वर्षं ज्या कानांनी वाळू आणि मेण ओळखलं, ते भेग ओळखणार नाहीत असं त्यांच्या मनातही आलं नाही. दुधेलीत यापूर्वी कोणी भेग ऐकली नव्हती, ही गोष्ट त्या दिवशी बोलण्यात निघाली नाही.

तरी मुराररावांना झोप लागेना. बुधवारी सकाळी केतकी बूट घालत असताना त्यांनी सहज सुचल्यासारखं सुचवलं, की सतराबरोबर एकवीसही बंद ठेवली तर काय बिघडेल.

‘का?’

‘असंच. एकवीस जरा वेगळी बोलतेय. पस्तीस वर्षांचा कान आहे माझा.’

केतकीनं बुटाची नाडी तशीच धरून त्यांच्याकडं पाहिलं. ती चेष्टा करणार नव्हती. बापाच्या कानाबद्दल तिला खराच आदर होता. तिनं शांतपणे विचारलं, ‘बाबा, काही आकडा आहे का तुमच्याकडं? एक आकडा द्या. त्यावर मी आमच्या ठक्करसाहेबांशी भांडीन.’

आकडा होता. चार. तो जिभेवर येऊन बसला होता.

‘आकडा कुठला,’ मुरारराव म्हणाले. ‘अनुभव.’

ती हसली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अनुभवाचा दाखला दिला होता, आणि तो खोटा होता.

*

शुक्रवारी सकाळी नव्या विहिरीवर सोळा पंप-ट्रक रांगेत उभे राहिले. ही जागा सतरा-एकवीसपासून अडीच किलोमीटरवर होती. विहिरीचं आडवं पाऊल मात्र खालून त्यांच्याजवळ पोचलं होतं. सतरा बंद होती, पाण्यानं गच्च भरली होती, तिच्यात काचेची तार होती आणि तिच्या तोंडाशी धोक्याचा भोंगा बसवला होता. भोंगा एकच मंजूर झाला होता.

केतकीनं वडिलांना मुद्दाम नियंत्रण-गाडीत बोलावून घेतलं होतं. ठक्करसाहेबांनी त्यांना स्वतःच्या बाजूची खुर्ची दिली आणि बिस्किटं पुढं केली.

साडेदहाला पंप सुरू झाले. गाडीची जमीन थरथरू लागली. पहिला टप्पा गेला, दुसरा गेला. पडद्यावर सतराच्या तारेची रेघ सरळ होती. तिसऱ्या टप्प्याला ती जराशी हलायला हवी होती. हलली नाही.

‘शांत आहे,’ केतकी म्हणाली. ‘अंदाजापेक्षाही शांत.’

ठक्करसाहेबांनी तिचं अभिनंदन केलं. पाण्यानं काम केलं होतं, भेग सतराला शिवलीसुद्धा नव्हती. गाडीतली चारही माणसं त्या सरळ रेघेकडं समाधानानं बघत होती. पाचव्या माणसाच्या हातातलं बिस्किट तसंच होतं. इतकं पाणी, इतका दाब आत गेलाय. भेग कुठंतरी गेली असणार. ती इथं आली नाही, याचा अर्थ गाडीत एकट्यालाच कळत होता.

चौथ्या टप्प्यात वाळू सोडायला लागले.

‘केतू, पंप थांबव.’

ती वळली. वडील घरात वापरतात ते नाव त्यांनी इथं वापरलं होतं.

‘एकवीसवर वालजी आहे. सतराच्या नावावरचे चार इंच एकवीसचे आहेत. रोजचे. चौदा वर्षं. मी लिहिलेत.’

बाहेर सोळा ट्रक चालूच होते. वाळू आत असताना मधेच थांबलं तर ती नव्या विहिरीत बसते, तो टप्पा कायमचा जातो. हे त्या गाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि केतकीला सगळ्यांत जास्त. ठक्करसाहेबांनी खराडे, तुम्ही काय बोलताय हे तुम्हाला कळतंय का, असं विचारायला सुरुवात केली. केतकीनं ते पुरं होऊ दिलं नाही. तिची बोटं कीबोर्डवर गेली. सतरातून चार वजा, एकवीसमध्ये चार मिळवा, चौदा वर्षं. पडद्यावरचा लाल डाग जागचा उठला आणि सरकत सरकत एकवीसवर जाऊन बसला. भेगेची रेघ त्याच्याकडं वळली. बाजूला आकडा आला: बारा मिनिटं.

तिनं लाल बटण दाबलं. ट्रक एकामागून एक गप्प झाले.

पण खाली गेलेला दाब बटणानं परत येत नाही, तो काही काळ पुढंच जात राहतो. वालजीचा फोन लागला, वाजला, उचलला गेला नाही. विहिरीजवळ फोन न्यायला बंदी होती आणि वालजी नियम पाळणारा माणूस होता. फोन बाभळीला टांगलेल्या पिशवीत होता.

‘बारा आहेत,’ केतकी म्हणाली. ‘जीपनं सहा लागतात. जा.’

मुराररावांनी जीप अशी हाकली, की तशी त्यांनी कधी सायकलही हाकली नव्हती. पाचव्या मिनिटाला, एकवीसचा पंप समोर दिसत असताना, त्याच्या पायथ्याशी पांढरा खांब उभा राहिला. आधी पाणी, मग वाळू, मग वायू. सळईभोवतीचं पॅकिंग उडालं होतं. आवाज त्यांच्यापर्यंत नंतर पोचला.

वालजी विहिरीपासून चार हातांवर पडला होता. अंगभर राखाडी चिखल, डोळे उघडे. हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. त्याची मूठ अजून कानाच्या उंचीवर धरलेली होती.

*

वालजी जगला. डावा कान पूर्ण गेला. उजव्यात काही उरलं असेल तर ते डॉक्टरांनाच ऐकू येत होतं. एकवीस मेली. नळीत वाळू बसली, वर येई ते नुसतं पाणी. सतरा उघडून पाहिली तर ती प्रामाणिकपणे दीड इंच देत होती, म्हणून तिला सिमेंटनं बुजवण्याचा हुकूम आला. तो चौदा वर्षं उशिरा आला, पण शब्द तेच होते. मुराररावांना कामावर येऊ नका असं कळवण्यात आलं.

घरात आता दोन माणसं आणि एक चौकशी राहत होती. केतकी ताट वाढून ठेवी, पोळ्या झाकून ठेवी आणि आपल्या खोलीत जाई. पहिल्या आठवड्यात ती एकदाच बोलली.

‘मी एक आकडा मागितला होता, बाबा. तुम्ही कान सांगितलात.’

मुराररावांनी ताट उचलून मोरीत ठेवलं.

तिला आणखी एक गोष्ट खात होती, आणि तिचं गणित ती रोज रात्री परत करून बघे. खरे आकडे घातल्यावर भूकर्ण बारा मिनिटं म्हणाला होता. भेग पाचव्या मिनिटाला आली. सात मिनिटांचा हिशेब लागत नव्हता. ती सात मिनिटं मिळाली असती तर जीप पोचली असती. चूक आपल्याच सूत्रांत आहे, असं तिच्या मनानं घेतलं. ठक्करसाहेबांचंही तेच मत होतं, आणि हे काम तिच्याकडून काढून घ्यावं असंही. अहवाल सोमवारी द्यायचा होता.

तिसऱ्या आठवड्यात शनिवारी दोघं मेहसाण्याला इस्पितळात गेली. एकाच गाडीतून, न बोलता. खाटेशी बोललेलं लिहून दाखवणारा पडदा होता, पण मुराररावांची बडोद्याची मराठी त्याला झेपेना. त्यानं दोनदा त्यांच्या तोंडी मेथीचा भाव घातला. शेवटी केतकीनं शाळेची पाटी आणली.

वालजीनं मुराररावांना आपादमस्तक पाहिलं.

‘तू गाडीत सगळं बोललास म्हणे,’ तो म्हणाला. आपला आवाज किती मोठा आहे हे त्याला कळत नव्हतं, त्यामुळे ते सगळ्या वॉर्डानं ऐकलं. ‘चौदा वर्षं मी वाट बघत होतो, तू कधी बोलशील. सगळ्यांनी ऐकलं. मीच राहिलो.’

मुराररावांनी खिशातून कागद काढला. चौकशीसाठी लिहून दिलेल्या जबाबाची ती प्रत होती. वालजीनं उशीला टेकून, ओळीवर बोट ठेवत वाचलं. पत्नीचं निधन, बदलीचं फर्मान, चाचणीचा दिवस, उघडा व्हॉल्व्ह. आपलं नाव त्यात नाही हे त्याच्या लक्षात आलं. व्हॉल्व्ह मुराररावांनीच उघडला असं लिहिलं होतं. पुढं एका ओळीवर त्याचं बोट थांबलं.

‘चार नाही,’ तो म्हणाला.

केतकी खिडकीशी उभी होती. ती वळली.

‘बारा वर्षं चार. शेवटची दोन वर्षं पाच. अजून अर्धा फेरा उघडत होतो.’ त्यानं मुराररावांकडं न बघता कागदाची घडी घातली. ‘तू म्हणालास म्हातारी सुधारली. इतका खूश होतास, मी कशाला सांगू? आणि एका इंचानं काय होतंय, असं वाटलं.’

मुरारराव खाटेच्या कडेवर बसले. दोन वर्षं त्यांनी त्या इंचाचं श्रेय स्वतःच्या कानाला दिलं होतं.

केतकीनं पिशवीतून छोटा पडदा काढला. चाराच्या जागी पाच, शेवटची दोन वर्षं. लाल डाग थोडा गडद झाला, एवढंच. बाजूचा आकडा बदलला. पाच मिनिटं वीस सेकंद.

सूत्रं बरोबर होती. भेग बरोबर होती. खडक पहिल्यापासून खरं बोलत होता.

मुराररावांनी पाटी ओढून घेतली आणि वालजीसाठी लिहिलं: हे अहवालात जाणार नाही. गेलं तर तुझं नाव येईल. मग पाटी केतकीलाही दिसेल अशी धरली. त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती, आणि ती कोणासाठी आहे हे त्यांचं त्यांनाही ठरवता येत नव्हतं. पाचवा इंच लपवला तर वालजी सुटत होता. सांगितला तर लेक सुटत होती.

वालजीनं पाटी वाचली, हाताच्या मागच्या बाजूनं पुसून टाकली आणि केतकीकडं वळला.

‘लिही, दीकरी. माझं नाव घालून लिही. पुढच्या विहिरीवर अजून कोणी कान लावून बसलेला असेल.’

तिनं पाटीवर एकच प्रश्न लिहिला: पाच कधीपासून? तारीख हवी.

वालजीला आठवावं लागलं नाही.

‘तुला इथं नोकरी लागली ना, त्या महिन्यापासून. तुझा बाप पेढे घेऊन आला एकवीसवर. मी म्हटलं, आपण काय द्यावं?’

केतकी खाटेजवळचं स्टूल ओढून वडिलांच्या शेजारी बसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. तिनं अहवालाचा फॉर्म मांडीवर घेतला. त्यात रकाने होते: विहीर, नोंदलेला आकडा, खरा आकडा, कधीपासून, फरकाचं कारण. पहिली ओळ मुराररावांनी आधीच भरून दिली होती. चार इंच, दोन हजार सत्तावीस, कारण: बदली टळावी म्हणून.

दुसरी ओळ तिनं भरली. विहीर एकवीस. एक इंच. महिना, साल, व्हॉल्व्ह उघडणाऱ्याचं नाव. शेवटच्या रकान्याशी पेन थोडा वेळ थांबलं. ठक्करसाहेब वाचतील, त्यांच्या वरचे वाचतील, मग तो भूकर्णला खाऊ घातला जाईल आणि तोही वाचेल.

तिनं लिहिलं: पेढे.

आणि खाली सही केली.